लाकडाखालचा शिक्का

रिपोर्टवर माझी सही झाली होती, डिस्पॅच नंबरही पडला होता. जोडपत्रांची संख्या लिहायची राहिली म्हणून मी लायसन्सच्या झेरॉक्सची पानं मोजत होते. तिथेच माझं घोडं अडलं.

मी भोपाळच्या एका सरकारी लॅबमध्ये बंदुका तपासते. ही रायफल होती अयोध्या नगरातल्या देशकर काकांची. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त क्लार्क. रायफल वडिलांकडून आलेली. निवडणूक आली की लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करतात, तशी त्यांनी केली. तिथल्या हवालदाराने काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टखालच्या पोलादी पट्टीवरचा ठसा वाचला. लष्करी मॉडेल, म्हणजे थ्री-नॉट-थ्री. हे फौजेचं बोअर, म्हणजे नळीचं माप; सामान्य माणसाला ठेवायला मनाई. काकांचं लायसन्स तीनशे पंधरा बोअरचं. झालं, म्हाताऱ्यावर केस. तुरुंगात घालणारी कलमं.

या दोन्ही रायफली बाहेरून सख्ख्या बहिणी. ही नेमकी कुठली, एवढंच मला सांगायचं होतं. मी काय केलं? लाकडाखालची नळी न बघता तोच ठसा वाचला आणि सही ठोकली. वीस वर्षं नोकरी झाली की डोळ्यांवर फाजील विश्वास बसतो.

लायसन्सच्या मागच्या पानांवर काडतुसं घेतल्याच्या नोंदी होत्या. वर्षानुवर्षं, दुकानाच्या शिक्क्यासकट, सगळी तीनशे पंधराची. ते काडतूस बुडाशी जाड असतं, थ्री-नॉट-थ्रीत शिरतच नाही. मग हे लोक इतकी वर्षं न बसणारी काडतुसं आणून करत काय होते, लोणचं घालत होते?

मी रिपोर्ट थांबवायला डायरेक्टरांकडे गेले. ते जबलपूरचे, हिंदीच बोलतात.

"साइन आपकी, नंबर पड़ गया. अब क्या हुआ?"

"गलती मेरी है, सर. मैंने लकड़ी नहीं खोली."

"कोर्ट में वकील पूछेगा, पहले क्या लिखा था."

"पूछने दीजिए. बता दूँगी."

त्यांनी चष्मा पुसला. "पुरानी रिपोर्ट फाड़ना मत. फ़ाइल में लगेगी."

नळीवरचं लाकूड खोललं. खाली तेल आणि कुंकवाचा घट्ट लेप. दर दसऱ्याला घरात शस्त्रपूजा. फटींतून आत गेलेलं कुंकू तेलात मुरून नळीला चिकटलं होतं. फोटो काढले, मग हलक्या हाताने साफ केलं. नळीच्या मागच्या जाड भागावर कारखान्याच्या चाचणीचा शिक्का निघाला, तीनशे पंधराचा. जुन्या लष्करी सांगाड्यावर कुणीतरी दुसरी नळी चढवली होती.

पण ठशाने मला एकदा फसवलं होतं. म्हणून काडतूस बसतं त्या खळग्यात, म्हणजे चेंबरमध्ये, वितळलेलं गंधक ओतलं. थिजल्यावर तो साचा बाहेर काढून मापला. बुडाशी थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जाड. विषय संपला. मला फार हायसं वाटलं, आणि लाजही तेवढीच वाटली.

नवा रिपोर्ट गेला, काही महिन्यांनी केस बंद झाली. काका पेढे घेऊन लॅबमध्ये आले. नियम सांगून मी ते परत केले. काका बसले, पाणी प्यायले.

"मॅडम, ठाण्यात सगळे म्हणाले, तुमच्या वडिलांनी लायसन्स एकीचं काढून बंदूक दुसरीच ठेवली. मीही खरं मानलं हो. इतका राग आला की यंदा पितृपक्षात त्यांचं पान वाढलं नाही."

मला राहवेना. "काका, आधी मीही तेच लिहिलं होतं. सहीसकट."

त्यांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत ठेवला.

"तुम्हाला निदान खोडता आलं," ते म्हणाले.

आता लाकूड खोलल्याशिवाय मी पेनाला हात लावत नाही.