कंधारकर मॅडमची तांदळाची ताटली

‘छान दिसतंय’ असं कुणी म्हटलं की कंधारकर मॅडमच्या कपाळावर आठी पडायची. मोतीबिंदू काढून महिना झालेला रुग्ण हात जोडून तेलुगूत तेच म्हणायचा, “बागुंदी अम्मा, एकदम बागुंदी.” दुसरा कुणी डॉक्टर सुखावला असता. मॅडम फळीवरची स्टीलची ताटली काढून त्याच्या मांडीवर ठेवत. ताटलीत सोना मसुरीचे तांदूळ आणि त्यात बारीक पांढरे खडे. हल्ली तांदूळ स्वच्छ मिळतो, म्हणून खडे त्या स्वतः गच्चीवरून वेचून आणायच्या. ते निवडून झाले की रुग्णाला गॅलरीत नेऊन चिक्कडपल्लीच्या बाजारातल्या पाट्या वाचायला लावत. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं लोक पाठ करून येतात, अशी त्यांची खात्रीच होती.

मी पुण्याहून त्यांच्या दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हा सगळा प्रकार विक्षिप्त वाटला. मॅडमचं घराणं कंधारकडच्या शेतकऱ्यांचं, पण पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत. त्यांच्या मराठीत तेलुगू आणि दख्खनी सुखानं नांदायची. मला म्हणाल्या, “डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून माणसं खोटं बोलतात बाई. पाहुणं म्हणून गेल्यावर चहा कधी कुणी कडू म्हटलाय का?” आणि जो महिन्यानं तपासणीला येतच नाही, त्याच्याविषयी तर त्यांना भयंकर संशय. “पाया पडायला आलंय त्याची फिकीर नक्को. आलंच नाही त्याला धुंड.” मग मला फोन करत बसावं लागे.

लेन्स निवडतानाही तेच. लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणारी नवी लेन्स घेऊन कंपनीचा माणूस आला की त्याचं सगळं ऐकून घेऊन त्या शांतपणे विचारत, तुझ्या आईला कोणती बसवलीस? एकदा सिकंदराबादच्या एका आजोबांचा मुलगा तीच महाग लेन्स घाला म्हणून हटून बसला. बाप गप्प, मुलगाच बोलतोय. मॅडमनी मुलाला चहा आणायला पिटाळलं आणि आजोबांना बोलतं केलं. आजोबा अंधार पडल्यावर स्कूटरवरून भजनाला जायचे. त्या लेन्समुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मॅडमनी लांबचं स्वच्छ दिसणारी साधी लेन्स बसवली आणि वाचायला चष्मा दिला.

पुढे त्यांनाच मोतीबिंदू झाला आणि त्यांनी दवाखाना माझ्यावर सोपवला. शस्त्रक्रिया माझ्याकडूनच करून घ्यायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मी लेन्स कोणती विचारली. जवळचं स्वच्छ दिसणारी दे म्हणाल्या, लांबच्याला चष्मा लावीन. आता उरलेले दिवस वाचत काढायचेत. उजवा डोळा आधी केला.

महिना झाला आणि मॅडम तपासणीला आल्या नाहीत. फोन केला तर पाहुणे आलेत. पुन्हा केला तर गुडघा दुखतोय. तिसऱ्यांदा फोन न करता मी ताटली पिशवीत घातली आणि नारायणगुड्याला त्यांच्या घरी गेले.

“छान दिसायलंय की,” मी बसायच्या आत त्या म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मी ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती गुडघ्यांवर सरकवली. मग आणखी लांब, समोरच्या टीपॉयवर. तिथं हात लांब करून भराभर खडे वेचू लागल्या. जवळचं म्हणून बसवलेली लेन्स हातभर अंतरावर दाखवत होती. त्यांचा डोळा आखूड होता. अशा डोळ्यात लेन्सचं गणित कधी कधी हुकतं. तसं चष्म्यानं भागण्यासारखं होतं, पण त्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं.

“तू घाबरली असतीस,” त्या म्हणाल्या. “आणि डावा डोळा मला तुझ्याकडूनच करून घ्यायचाय.”

मला राग आला आणि रडूही आलं. उजव्यात किती हुकलं हे कळल्याशिवाय मी डाव्याची लेन्स निवडणार कशी? तीच चूक पुन्हा झाली असती, मॅडम.

“हौ,” त्या म्हणाल्या. “मीच शिकवलंय तुला.” मग आणखी एक खडा वेचून बाजूला ठेवत, “इतकी वर्षं मी त्या हात जोडणाऱ्यांना लबाड समजले. जीव लावायचे बिचारे.”

उजव्याचा फरक धरून मी डाव्यासाठी वेगळ्या नंबरची लेन्स निवडली आणि बसवली. या वेळी महिन्यानं त्या न बोलावता आल्या, रुग्णांच्या बाकावर बसल्या आणि स्वतःच ताटली मागितली. ती मांडीवरून हलली नाही.

“उजव्यापेक्षा बरंय,” त्या म्हणाल्या. “छान म्हणणार नाही.” मी हसत हसत डोळे पुसले.

मॅडम गेल्या, त्याला फार दिवस झालेले नाहीत. ताटली माझ्याकडे आहे आणि गच्चीवरून खडे मीच वेचून आणते. कुणी हात जोडून ‘बागुंदी’ म्हणालं की मीही आधी हात जोडते. आणि मग ताटली पुढं करते.