आगाऊ दिवा

काळेवाडीतल्या आमच्या घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ नसते, तर मी आज खुर्चीवर बसून काम करत नसतो. एव्हाना हिंगोलीला परत पोचलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची थट्टा करणार आहे. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, आणि या मामांसारखा दिव्यांचा वैरी उभ्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही.

त्यांचा लाडका शब्द ‘आगाऊ’. जी वस्तू नेमल्या कामापलीकडे काही करून दाखवते, ती आगाऊ. चहात आलं पडलं की चहा आगाऊ. दाराची घंटा चिमणीसारखी बोलायची, तर मामांनी ती उघडून आतली चिमणी काढून टाकली. तेव्हापासून पाहुणा आला की नुसतं ‘टक्’ होतं आणि पाहुणा दारातच ताटकळतो. मालकीणबाई चिडून म्हणाल्या, “दादा, उद्या मोराचा पिसारा पण छाटशील!” मामा गंभीरपणे म्हणाले, “बघावं लागंल. उडताना आडवा येत आसंल.”

पण खरा राग कॉम्प्युटरच्या भागांवर. निवृत्तीनंतर ते घरी जुने कॉम्प्युटर जुळवत बसतात, आणि हल्ली पंख्यापासून कीबोर्डापर्यंत सगळ्यालाच रंगीत दिवे. एकदा रहाटणीच्या दुकानात त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार म्हणाला, “मामा, साधी रॅम येतच नाही आता. सगळ्या लाइटवाल्याच.”

“आरं, रामाला ओवाळत्यात, रॅमला न्हाई!”

दुकानदार हसला. मी मात्र त्या निळ्या-जांभळ्या उजेडाकडे जत्रेतल्या पोरासारखा बघत होतो.

माझं असं होतं, की मी नववीतून शाळा सोडलेली. निघोज्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे माल उतरवायचो, आणि ठेकेदार माणसं कमी करणार होता. सुपरवायझर म्हणाले, “सोमवारी कॉम्प्युटरवर एंट्री करून दाखव, स्टोअरला घेतो. नाहीतर भावा, अवघड आहे.” हे कानावर जाताच मामांनी न मागता जुन्या सुट्या भागांतून एक कॉम्प्युटर जुळवला, माझ्या खोलीत आणून ठेवला, रोज चालू करून देऊन शिकवायलाही बसले. यावर मी पाया पडायचं, तर म्हणालो काय? “मामा, एक दिवेवाला पंखा टाकता का? गावाकडं फोटो पाठवला असता.”

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू बी आगाऊच हायेस.”

रविवारी दुपारी, मामा यायच्या आत, जरा सराव करावा म्हणून मी पहिल्यांदा एकट्यानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळा तो काळाच. मी अनवाणी धावत सुटलो.

“मामा, मेला की हो! माझ्या हातानं मेला! मी आजच गावाकडं जातो.”

“काय केलंस?”

“बटण दाबलं.”

“मंग?”

“चालू होईना म्हणून परत दाबलं.”

“आन् मंग?”

“परत.”

मामा मटकन पायरीवर बसले. बटणाशेजारचा दिवा आगाऊ म्हणून त्याची तार त्यांनीच तोडली होती, पडद्याच्या दिव्यावर काळी टेप लावली होती, आणि पंखा मुका. ते म्हातारं यंत्र जागं व्हायला वेळ घ्यायचं. ते डोळे उघडणार, एवढ्यात मी घाबरून पुन्हा बटण दाबून त्याला झोपवत होतो!

आता गल्लीभर हसं होणार, असं वाटलं. पण मामा उठून खोलीवर आले, खोका उघडला आणि तुटलेली तार जोडत बसले. मग म्हणाले, “दाब.” ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा लागला.

“ह्यो पेटला का आत कुणीतरी हाय समजायचं. मंग हात मागं घ्यायचा आन् थांबायचं.”

“मामा, हा आगाऊ नाही का?”

“न्हाई,” ते म्हणाले. “भेणाऱ्या माणसाला लागतो.”

सोमवारी स्टोअरमधल्या कॉम्प्युटरलाही तसाच दिवा निघाला. बटण दाबलं, हात मागे घेतला, थांबलो. “बरा निवांत आहेस राव!” सुपरवायझर म्हणाले. पडदा उजळला, आणि मी पहिली एंट्री केली.

हल्ली मामांना कमी ऐकू येतं. आपल्याच घंटेचं ‘टक्’ त्यांना कळत नाही; परवा मीच दारात बराच वेळ उभा होतो. मी वायरिंग शिकायला लागलोय, अजून तारेला हात लावताना घाम फुटतो. पण एक दिवस त्यांच्या खुर्चीसमोर, घंटा दाबली की पेटेल असा एक हिरवा दिवा मी लावणार आहे. ते मला आगाऊ म्हणतील. म्हणू देत. मी हात मागे घेऊन थांबेन.