शुक्रवार पेठेतले उसने दात

मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. एका निवृत्त हेडमास्तरांनी तेव्हा दात निरोगी ठेवण्याचा प्रचार हाती घेतला होता आणि बायकांशी बोलायला एखादी बाई हवी म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. रविवारी आम्ही शुक्रवार पेठेतल्या विणकरांच्या गल्लीत जायचो. मिश्री लावू नका, कडुलिंबाच्या काडीने दात घासा, जेवल्यावर चूळ भरा, एवढंच सांगायचं असे. मास्तर ते अशा तळमळीने सांगत की गल्लीला आग लागली आहे असं वाटावं. बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ऐकून घेत. बहुतेकींच्या तोंडात त्या वेळीही मिश्री असे.

त्या गल्लीत एक म्हातारी तेलुगू बाई होती. तिला सगळे अव्वा, म्हणजे आजी, म्हणत. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, तरी तिनेच एकदा विचारलं की मागच्या दाढांना आतून काडी लावायची कशी. मास्तरांनी सांगून पाहिलं, मग बोटाने दाखवून पाहिलं. शेवटी त्यांचा धीर सुटला. ते पाठमोरे झाले आणि वळले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचे स्वतःचे दात होते, तांबड्या रबरी हिरड्यांसकट. मास्तरांना कवळी आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. ते कवळीवर काडी फिरवून दाखवू लागले, पण बोलायला गेले की नुसता वारा येई. म्हणून उरलेलं व्याख्यान मी दिलं. ते कोणी ऐकलं नाही. गल्लीतले सगळे माग थांबले होते.

पुढच्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. असे निघणारे दात कुठे मिळतात, एवढंच सगळ्यांना विचारायचं होतं. एक धडधाकट विणकर तर आपले सगळे दात लगेच उपटून घ्यायला तयार होता. मास्तर घामाघूम झाले. तरुणपणी दातांची हेळसांड केली म्हणून आपल्यावर ही वेळ आली, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. त्यावर एकीने मला शांतपणे विचारलं की न घासल्याने इतके सुंदर दात मिळत असतील, तर घासायचे कशाला?

गर्दी पांगल्यावर अव्वा जवळ आली.

"मास्तर, नातीचं लग्न हाय. तेवढ्यापुरते तुमचे दात द्या की."

एकाचे दात दुसऱ्याला बसत नाहीत आणि ते आरोग्यालाही बरं नाही, हे मास्तरांनी सविस्तर सांगितलं. अव्वाने सगळं ऐकून घेतलं आणि आपण ते मिठाच्या पाण्याने धुऊन घेऊ असं ती म्हणाली. मास्तरांनी जिभेने कवळी चाचपली. मग त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

"बुंदीचे लाडू."

लग्नात मास्तर तोंडाला रुमाल लावून कढीभात जेवले. अव्वाला दात मोठे झाले होते, त्यामुळे तिचे ओठ मिटेनात आणि ती सबंध लग्नभर हसत राहिली. नवरदेवाच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं की मुलीची आजी नेहमीच इतकी आनंदात असते का. मी हो म्हणाले. पंगत बसली तेव्हा अव्वाने दात काढून पत्रावळीशेजारी ठेवले, रोजच्यासारखा हिरड्यांनी लाडू चघळला आणि हात धुऊन दात पुन्हा बसवले.

दुसऱ्या दिवशी तिने ते स्वच्छ धुऊन परत दिले. मग ती घरोघर सांगत फिरली की असले दात मिरवायला छान, पण खायच्या कामाचे नाहीत, तेव्हा ज्याचे त्याने सांभाळा. थोड्याच दिवसांत गल्लीतल्या कितीतरी बायकांनी मिश्रीच्या डब्या उचलून ठेवल्या.

मास्तरांना याचा आनंद झाला नाही. आपली व्याख्यानं आठवून ते काही दिवस घुश्शात होते. पण दुसऱ्या वस्तीत जायची वेळ आली तेव्हा अव्वाला बोलावून आणायला त्यांनी मलाच पाठवलं. ती लगेच तयार झाली. तिची अट एवढीच होती की व्याख्यान चालू असताना दात तिच्या हातात राहतील.