मारुतीपुढं जपानची चाल

माझी नात हल्ली मोबाईलवर एका जपानी पोरीची गाणी पाहत बसते. ती पोरगी निळे केस करून उड्या मारते आणि गाते. मी शेजारी जाऊन बसलो की नात म्हणते, "आबा, तुम्हाला नाही कळायचं." मी चौथीतून शाळा सोडली हे खरं आहे. पण जपानच्या गाण्याचं मला कोणी सांगू नये. तिचा बाप जन्मायच्या आधीपासून मी त्यात आहे.

महाराष्ट्र तेव्हा नवाच झाला होता. देऊळघाटाकडच्या आमच्या गावात वीज नव्हती. एका वर्षी कपाशी बरी झाली, म्हणून मी खामगावहून ट्रान्झिस्टर आणला. तो गोठ्यातल्या खुंटीला टांगायचा आणि शेण काढता काढता काटा फिरवायचा, हा माझा सकाळचा नेम झाला. असाच एकदा काटा फिरवताना खरखरीतून एका बाईचा आवाज आला. गाणं संपल्यावर दुसऱ्या बाईनं हिंदीत सांगितलं की हे जपानचं स्टेशन आहे. गाणारणीचं नावही सांगितलं, पण ते मला कधी धड ऐकू आलं नाही.

तो आवाज कसा होता ते सांगतो. भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई विहिरीच्या पायऱ्या चढते, शेवटच्या पायरीच्या आधी थांबते, घागर सावरते, मग चढते. तसं ती गायची. सूर वर वर न्यायचा, आता पोचणार असं वाटलं की थांबायचं, आणि मग पोचायचं. त्या थांबण्यात माझ्या हातातलं फावडंही थांबायचं.

घरची दारात येऊन म्हणाली, "ही बाई गाऊन राह्यली का रडून राह्यली?"

"गाऊन राह्यली."

"मंग तिच्या घरी कोनी तरी सांगा. गळ्याले शेक द्या म्हना."

पुढं गाणं लागलं की ती बाहेरूनच हाक मारायची, "लागली पाहा तुमची. शेन मी काढीन, तुमी आयका तिले." बायका पाणवठ्यावर तिला सवतीची खुशाली विचारायच्या. मी लक्ष देत नसे. गाण्याचा अर्थ कळत नाही म्हणून हसणाऱ्याला मी एकच सांगायचो, की तू रोज जे भजन म्हणतोस त्याचा अर्थ आधी सांग.

तर भजनाचंच सांगायचं आहे. दर शनिवारी मारुतीच्या देवळात आमचं भजन असायचं. मी टाळ धरायचो. मंडळाचे बुवा म्हणजे कडक माणूस. आसपासच्या गावांत सिनेमाच्या चालीवर भजनं सुरू झाली होती, पण आमच्या बुवांचा नियम होता की देवापुढं सिनेमाची चाल चालणार नाही. त्या नियमाचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता, मलाही.

मी त्या जपानच्या चालीवर मारुतीचं भजन रचलं. 'बाप ज्याचा वारा, त्याले डोंगर केवढा' असं त्याचं तोंड होतं. एका शनिवारी म्हणून दाखवलं. बुवा डोळे मिटून ऐकत राहिले. मग विचारलं, "सिनेमाची हाये का बे?"

"नाही बुवा. जपानची हाये. रेडिओवरची."

"जपान कोठी हाये?"

"लय दूर. समुद्रापल्याड."

"तठी मारुती पोचला का?"

"लंकेत पोचला तं जपानात काऊन नाही पोचनार?"

बुवांनी पान लावायला घेतलं, म्हणजे ते विचार करत होते. शेवटी म्हणाले, "सिनेमाची नाही ना? मंग चालते."

आणि ते भजन असं चाललं की काय सांगू. वडनेर भोलजीला भजनं होती, तिथं लोकांनी आम्हाला ते पुन्हा म्हणायला लावलं. चाल कोणाची, असं तिथल्या लोकांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बुवा बोलले, "परंपरेची हाये." मला ते आवडलं नाही. बाईची चाल ती बाईची.

पुढच्या हिवाळ्यात गावात सरकारची फिल्मवाली गाडी आली. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, दिवेलागण झाली आणि सारं गाव गोळा झालं. बुवा पुढं घोंगडी टाकून बसले. जपानमधले शेतकरी भात कसा लावतात ते दाखवायचं होतं. आमच्याकडं ज्वारी आणि कपाशी, तरी आम्ही मन लावून पाहिलं. भात कापून झाला, जपानी लोकांची जत्रा भरली, आणि जत्रेत एक बाई माईकपुढं येऊन उभी राहिली.

पहिल्याच सुरात मी ओळखलं. इतकंच काय, साऱ्या गावानं ओळखलं. आमचा पखवाजवाला मांडीवर ठेका धरू लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "बोला बजरंगबली की जय!" आणि हशा पिकला.

मी हसलो नाही, मी पाहत होतो. ती ठेंगणी होती, नखशिखांत कपड्यात गुंडाळलेली. सूर वर निघाला. थांबायची जागा आली तशी तिनं डोळे मिटले आणि डाव्या हाताची मूठ आवळली. गोठ्यात त्या जागी माझीही मूठ अशीच आवळायची. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

बुवा घोंगडी झटकत उठले. गाडीवाल्याला म्हणाले, "मास्तर, हा सिनेमा हाये का?"

तो बिचारा म्हणाला, "पडद्यावर हलतं-बोलतं ते सगळं सिनेमाच की, बाबा."

"ऐकलं का बे? सिनेमाची निघाली. शनिवारपासून बंद."

"बुवा, गानं आधी रेडिओवर होतं. सिनेमात मागून गेलं."

"नाचनारीनची चाल देवापुढं नाही."

"नाचली कोठी? तिले धड पाऊल टाकता येत नव्हतं."

"बंद म्हनलं ना."

"मंग मीबी बंद," मी म्हणालो. त्या शनिवारी टाळ खुंटीलाच राहिले. पुढच्याही शनिवारी. भजन परत आल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवलं की मी मोडत नाही. देवळातून पखवाज ऐकू आला की मी उगाच बैलांना वैरण टाकायचो. बैल खाऊन खाऊन कंटाळले.

घरचीनं मात्र सवत एकदाची पाहिली होती. म्हणाली, "पोरगी चांगली हाये. अंगभर नेसते. पन एवढी बारीक पावलं टाकते, पान्याले धाडली तं दिवस बुडाल्यावर येईन." मग म्हणाली, "देवळात जा आता. घरात तोंड पाडून बसता, मले कोनी गेल्यावानी वाटते."

मी गेलो नाही.

एक दिवस दुपारी बांधावरून चाललो होतो. बुवांच्या मळ्यात विहिरीवर मोट चालू होती. बुवा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून बैल हाकत होते आणि गात होते. लांबून मला वाटलं भास झाला. जवळ गेलो तर तीच चाल. भजनाचे शब्द बंद केले होते ना त्यांनी, म्हणून त्या बाईच्या बोलीसारखं काहीतरी 'ना रे ना को' करत होते. मी बाभळीआड थांबलो. मनात म्हटलं, पुरतं म्हणू द्यावं, मग पकडावं.

पण ती जागा आली आणि बुवा भलतेच लांबले. बैलांना वाटलं थांबायला सांगितलं. ते उतारावर मध्येच उभे राहिले आणि मोट अर्ध्यात लटकली. मला राहवलं नाही.

"बुवा, इतकं नका थांबू. एक दम घ्या अन् चढा. ती तसंच करते."

बुवांनी मागं पाहिलं. आसूड खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बैल चालत नव्हते, म्हनून म्हनत होतो."

"बैलाले चालते, तं मारुतीले काऊन नाही चालत?"

बुवांनी बैलांना हाकललं. मोट वर आली, विहिरीच्या काठच्या थारोळ्यात पाणी पडलं. ते पाणी पाटाला लागेपर्यंत त्यांनी विचार केला असावा.

"आता काय आयकलं तू?" त्यांनी विचारलं.

"तीच चाल."

"मोटेवर आयकली ना? मंग ते मोटेचं गानं झालं. मोटेच्या चालीवर आपले आजे-पंजे भजन म्हनत आले. शनिवारी ये. अन् टाळ घासून आन, काळे पडले असतीन."

शनिवारी गेलो. देवळात त्या दिवशी रोहिणखेडचे पाहुणे बसले होते. भजन सुरू झालं, त्यांनी माना डोलावल्या, आणि एकानं बुवांकडं वाकून चाल कोणती म्हणून विचारलं.

"मोटेची," बुवा म्हणाले.

मी सांगणारच होतो की जपानची. पण ती थांबायची जागा जवळ आली होती, आणि तिथं चुकलेलं मला खपत नाही.