नाव कापलेली गोळी

"कुठली गोळी सोसत नाही, ते आधी बोल ने!"

आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की चहाच्या आधी काकांचा हा प्रश्न ठरलेला. हातात वही, पेनाचं टोपण दातांत. वरच्या मजल्यावरच्या बेन हसायच्या, "काका, जनगणना लेवा आव्या के?" पण उत्तर मुकाट्याने द्यायच्या.

काका रिफायनरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले, पण सवय कुठली सुटते! कुणाला सल्फाने पुरळ उठतं, कुणाला इंजेक्शनने चक्कर आली होती, सगळं घरनंबरानिशी लिहिलेलं. असला चिकट माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल. आपण त्याला टाळतो आणि अडलं की त्याचंच दार वाजवतो.

माझ्याशी त्यांचं भांडण वेगळं होतं. आमच्याकडे उंधियूची वाटी दारोदार जाते, तशाच उरलेल्या गोळ्याही जातात. मी तर पट्टीतून दोन-दोन गोळ्या कापून सासूबाईंच्या कुंकवाच्या डबीत घालायची आणि डबी पर्समध्ये. काका कपाळावर हात मारायचे. "अगं, नाव कापलंस! नावाचा तुकडा शेवटपर्यंत ठेवायचा. किती वेळा सांगू?"

"हो हो, काका," म्हणून मी सटकायची.

त्या रविवारी सकाळी पाण्याची टाकी धुवायला सगळे खाली जमलो होतो. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून बाकावर बसले होते. उन्हाने डोकं धरलं म्हणाले. मी मोठ्या ऐटीत डबी उघडली.

"कुठली आहे?" त्यांनी विचारलंच.

"पॅरासिटामॉल हो! तुमचं आपलं काहीतरीच, काका."

त्यांना वाचता येत नव्हतं. वाचायला त्या तुकड्यावर नावही नव्हतं. "तू म्हणतेस तर चालेल," म्हणाले आणि गोळी घेतली.

थोड्याच वेळात ओठ सुजले, अंग लालेलाल झालं, श्वास घरघरू लागला. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडून विचारत होते, "शुं आप्युं हतुं, काय दिलंत? यांना काय सोसत नाही?"

मी डबी पुढे केली. रिकामा, बिननावाचा तुकडा. आणि दुसऱ्या प्रश्नाला सोसायटीतल्या एकाकडेही उत्तर नव्हतं. आम्हा सगळ्यांना विचारणाऱ्या त्या माणसाला आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

दुपारी काका गेले.

घरी येऊन कपाट उपसलं. उरलेली पट्टी सापडली, नावासकट. आमच्या यांच्या दाढदुखीची गोळी होती ती. मी तिथेच फरशीवर बसले.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने वही आणून दिली. एक शब्द वाकडा बोलली नाही, तेच सोसवत नाही. पहिल्याच पानावर काकांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे, "दुखण्याच्या गोळ्या सोसत नाहीत. फक्त पॅरासिटामॉल."

मग मी माझं पान काढलं. बारीक, सुबक अक्षर.

"हिला सगळं सोसतं. पट्टीवरचं नाव कापते. पुन्हा सांगणे."