मामीची जुनी शेगडी

आमच्या मामीला नव्या वस्तूंचं वावडं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एकदा तिचं घर बघावं. पडदे सारखे बदलतात, फोन माझ्यापेक्षा भारी आहे, आणि चपलांचं तर विचारूच नका. म्हणून स्वयंपाकघरातली जुनाट शेगडी बिघडली आणि मामीने "मला हीच दुरुस्त करून हवी" असा हट्ट धरला, तेव्हा तिच्या मुलाने कपाळाला हात लावला. हा माझा मामेभाऊ. मी त्याला दादा म्हणते. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथून फोनवर आईचं घर चालवतो, निदान त्याची तशी समजूत आहे.

हट्टामागचं कारण फक्त मला माहीत होतं. मामीचे डोळे जात चालले आहेत. नजरेच्या मधोमध धुकं, आणि कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती हल्ली समोरच्याकडे मान वळवून तिरकं बघते, आणि लोकांना वाटतं बाई रुसली. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या तिने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे तुला. दादाला एक अक्षर सांगायचं नाही." आता यावर माणूस काय करणार? मी शिकलेली बाई, शपथांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या दिवसापासून दादाचा फोन आला की माझी दातखीळ बसायची.

मामीला भीती एकच होती. दादाला कळलं की तो तिला उचलून आपल्या घरी नेणार. दादा चांगलाच आहे आणि सूनही गुणाची आहे, पण मामीला स्वतःच्याच घरात राहायचं होतं. लग्न होऊन ती या परक्या देशात आली तेव्हा तिला दुकानात मीठसुद्धा मागता येत नव्हतं. पुढे कपडे दुरुस्तीच्या दुकानात तिने अर्ध्या गावाच्या पँटा आखूड करून दिल्या. मामा गेल्यावर सगळे म्हणाले, आता एकटीने कसं राहणार? ती राहिली, आणि मजेत राहिली.

शेगडी विजेची, चार कॉइलची, खाली ओव्हन असलेली. नॉबवरच्या खुणा मामीने घासून घासून कधीच्या घालवल्या होत्या. मला तिथे नुसता चहा करायचा तरी सगळा कारभार अंदाजपंचे. मामीला खुणा लागतच नव्हत्या. नॉब फिरवला की बोटाला टक्‌ टक्‌ असे खटके लागत, आणि कुठल्या खटक्यावर आच मंद नि कुठल्यावर मोठी हे तिच्या बोटांत बसलं होतं. नेमका पुढच्या डाव्या कॉइलचा स्विच गेला आणि तो नॉब नुसताच गरगर फिरायला लागला.

मेकॅनिक आला. उंच, अबोल माणूस. त्याने आधी ओव्हनचं दार उघडलं आणि तसाच उभा राहिला. आत कढया, तवे, झाकणं, आणि पिशव्यांनी गच्च भरलेली एक मोठी पिशवी.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"कपाट," मामी म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या ओव्हनमध्ये काही भाजलं गेल्याचं कुणाला आठवत नाही. त्याने मुकाट्याने सगळं बाहेर काढून जमिनीवर मांडलं, शेगडी पुढे ओढली, मागचं झाकण उघडून बराच वेळ आत डोकं घातलं. मग म्हणाला, "मॅडम, हा स्विच आता बनत नाही. भंगारात गेलेल्या शेगड्यांमध्ये शोधावा लागेल. मी तुमच्या जागी असतो तर नवी घेतली असती."

"तुम्ही नाही आहात ना माझ्या जागी," मामी म्हणाली.

तो हसला. "ठरलं की फोन करा," म्हणून गेला. दादाला हे कळलं मात्र, तो सुट्टी बघून स्वतःच येऊन थडकला. आल्या आल्या त्याने आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि दुकानात नेलं.

दुकानात शेगड्यांची रांगच्या रांग, सगळ्या काळ्या काचेच्या. विक्रेतीने मोठ्या उत्साहाने सांगितलं, "काही फिरवायचं नाही, फक्त बोट टेकवायचं." मामीने ऐटीत बोट टेकवलं. काहीच झालं नाही. "तिथे नाही, जरा इकडे." मामीने जरा इकडे टेकवलं. मग तिने सगळा तळवा काचेवरून फिरवला. हाताला लागेल असं तिथे काहीही नव्हतं. मला सगळं कळत होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

"नॉबवाली दाखवा," मामी म्हणाली. होती तीही. पण तिचा नॉब फिरवत राहिलं तरी कुठे अडत नव्हता, खटका नाही की काही नाही. किती आच झाली ते काचेवर आकड्यात उमटत होतं.

"अगं आई, आकडा बघ की! एवढा मोठा आकडा समोर दिसतोय," दादा म्हणाला.

मामीने मान वळवून तिरकं बघितलं. मग पुन्हा सरळ झाली.

"तुला दिसतोय. मला नाही दिसत रे."

"मग चष्मा बदलू या."

"चष्म्याने होण्यातलं राहिलं नाही ते."

दादाचा चेहरा खाडकन उतरला. आईकडे बघवेना, म्हणून तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"तिच्यावर डाफरू नकोस," मामी म्हणाली. "मी शपथ घातली होती."

"शपथ! अगं, आपण कुठल्या जमान्यात राहतो?" त्याचा आवाज चढला आणि मधेच फुटला. मग तिथेच, त्या रांगेत उभा राहून, मामी ज्याला भीत होती ते तो बोलला. "बास झालं. सामान बांध आणि आमच्याकडे चल." विक्रेतीला आमची भाषा कळत नव्हती, पण सूर कळला असावा, ती हळूच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सरकली.

"आधी घरी चल," मामी म्हणाली. "रिकाम्या पोटी मी कुणाचं ऐकत नाही."

घरी येऊन तिने उरलेल्या तीन कॉइलवर स्वयंपाक मांडला. दादा हाताची घडी घालून दारात उभा. मामीने तेलावर तळहात धरून ताप जोखला, मोहरी टाकली, तडतड थांबल्याबरोबर भाजी आत लोटली. भात उतू जायला आला तसा दादा मदतीला धावला, नॉब फिरवला, आणि आच मंद व्हायच्या ऐवजी मोठी झाली. भाताचं पाणी फसफसून खाली आलं.

"उलटा, उलटा फिरव!" मामी मागे न बघताच ओरडली.

"यावर काही लिहिलेलंच नाही!"

"मला तरी कुठे वाचायचंय?"

दादाला हसू आलं. पण त्याने आणखीही एक बघितलं. हात पुसायच्या टॉवेलचं टोक तापलेल्या कॉइलला टेकायच्या बेतात होतं, आणि मामीला त्याचा पत्ता नव्हता. त्याने टॉवेल उचलून दाराच्या कडीला अडकवला. पुढे तो कायम तिथेच राहिला.

आम्ही जेवायला बसलो, जेवण निम्मं झालं. मग दादाच म्हणाला, "आमच्याकडची शेगडीपण काचेचीच आहे."

"ठाऊक आहे मला. मागच्या खेपेला आले होते तेव्हा सकाळी उठून सुनेची वाट बघत बसायचे. ती बिचारी झोपेतून उठून लगेच चहा करून द्यायची, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण मागावा लागायचा रे. मला आत्तापासूनच मागून चहा प्यायचा नाहीये."

दादाने मान खाली घातली. ताटातला भात तो नुसताच चिवडत राहिला. मला त्याची फार कीव आली. आईला घेऊन जावं तरी ती दुखावणार, आणि ठेवावं तरी याला झोप लागणार नाही.

जेवण झाल्यावर मेकॅनिकचा नंबर मागून त्याने तिथूनच फोन लावला. मामी ताटं उचलत होती.

"तो स्विच शोधा. हो, जुन्या शेगडीतला चालेल. आणि एक नको, मिळाले तर चारही घेऊन ठेवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "एकच बिघडलाय, मला माहीत आहे. पण बाकीचेही कधीतरी जाणारच ना? तेव्हा कुठे शोधत फिरायचं? माझी आई इथेच राहणार आहे."

मामी हातातली ताटं घेऊन तशीच उभी राहिली. रडत होती. मी उठून ताटं तिच्या हातातून घेतली.