कबरीच्या दगडावरची वंशावळ

"पेंटर, मशीन बंद करा आधी!" मार्थाबाई दुकानाच्या पायरीवरूनच ओरडल्या.

मी कॉम्प्रेसर बंद केला. मानवतला माझं नावं कोरायचं दुकान आहे. पूर्वी पाट्या रंगवायचो, म्हणून लोक अजून पेंटरच म्हणतात. आता काम सोपं झालंय. रबरी शीटमधून अक्षरं कापायची, शीट ग्रॅनाइटवर चिकटवायची आणि वाळूचा जोरदार फवारा मारायचा. उघडी जागा खोल जाते. याला ब्लास्टिंग म्हणतात. एकदा मारलं की ब्रह्मदेव आला तरी पुसता येत नाही. नशीब, शीट नुसती चिकटवली होती.

दगड मार्थाबाईंच्या मालकांचा, दानिएलभाऊंचा. एस.टी.त मेकॅनिक होते. देवमाणूस! रविवारी दगड त्यांच्या कबरीवर बसवायचा होता. ऑर्डर त्यांच्या धाकट्या भावानं, शमुवेलकाकांनी दिली होती. खाली मुलांची नावं होती सुनील आणि प्रकाश.

"अन् माझा विलास?" बाईंचे डोळे भरले.

विलास त्यांच्या पहिल्या नवऱ्याचा. तो वारला तेव्हा पोर रांगत होतं. दानिएलभाऊंनी लग्न करून मायलेकरांना घरी आणलं. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं अंथरुणातच होतं, ते विलासनं केलं. आणि त्याचंच नाव नाही! मला लय वाईट वाटलं. मी काकांना फोन लावला.

काका स्कूटरवर आले. "वहिनी, विलास माझा बी लाडका हाय. पण दगड म्हणजे वंशावळ. उद्या नातवंडं वाचतील. रक्ताचं ते रक्ताचं. खरं तेच लिवावं माणसानं."

काका मायाळू, पण नियमाला कट्टर. आणि बायबल तोंडपाठ म्हणण्यात त्यांचा हात धरणारं चर्चमध्ये कुणी नाही.

"बरं," बाई स्टुलावर बसल्या. "येशूची वंशावळ म्हणा की जरा. पेंटरला बी ऐकू द्या."

काकांची कळी खुलली. नव्या कराराचं पहिलंच पान म्हणजे ही वंशावळ. अब्राहामापासून सुरुवात, अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. काका डोळे मिटून सुटले. दावीद राजा आला, गेला, तरी संपेना. मी आपला वाळू चाळायला लागलो.

"याकोबाला योसेफ झाला," काका शेवटाला पोचले, "अन् योसेफ मरीयेचा नवरा. मरीयेच्या पोटी येशू."

"योसेफाला येशू झाला, असं न्हाई म्हणलात?"

"कसं म्हणणार वहिनी? रक्तानं त्याचा न्हाई तो. देवाचा."

"मग योसेफाच्या एवढ्या पिढ्या कशापायी मोजायलाव, भाऊजी?"

काकांनी डोळे उघडले, पण बाई थांबल्या नाहीत.

"योसेफानं लेकराचं नाव ठेवलं. आपलं म्हणला. झालं, दाविदाच्या घराण्यात धरलं त्याला. आमच्या पोराचं नाव शाळेत कुणी घातलं, विलास दानिएल म्हणून?"

"भाऊनंच." काकांचा आवाज खाली आला. "मी बी गेल्तो संगं."

त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग माझ्यावरच खेकसले, "बघायलाव काय, पेंटर? नवी शीट कापा. नावं वयानं लावा."

म्हणजे सगळी मांडणी पहिल्यापासून. पण मी चिकटवलेली शीट लगेच सोलून काढली.

शनिवारी विलास टेम्पो घेऊन आला. मुलांच्या नावांत पहिलं नाव आपलं पाहून जागीच थांबला. कानकोंडा होऊन म्हणाला, "काका, माझं वर कशाला? खाली चाललं असतं की."

काका दोर बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"थोरला हायेस तू. वरच ऱ्हाईल. धर इकडून, बापाचा दगड हाय तुझ्या."

आता कुणी नावं घेऊन आलं की मी म्हणतो, आधी घरातल्या बाईला दाखवून आणा. शीट वाया जात नाही.